कार्बनचा पापुद्रा आणि प्रकाशाची साक्ष

हिरा आणि शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट ही एकाच घरची भावंडे, दोन्ही निखळ कार्बन. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. ग्रॅफाइटमध्ये तिघांनाच, म्हणून त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. माणसे तीच, पण संघटना निराळी. मग बळही निराळे. आम्हा कामगार चळवळीतल्या मंडळींना हे वेगळे शिकवावे लागत नाही!

१९७१ साली अमेरिकेत ऐझेनबर्ग आणि शाबो यांनी विद्युत्भारित कणांच्या झोताने कार्बनचा टणक पापुद्रा तयार केला व त्याला हिऱ्यासारखा म्हटले. पण हिऱ्यासारखा म्हणजे कितपत? इतका पातळ थर फोडून आत काय पाहणार? उत्तराची किल्ली चाळीस वर्षांपूर्वीच कलकत्त्यात घडली होती.

महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली वर्गण्या जमवून तेथे विज्ञानसंस्था उभारली. सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे रामन १९०७ पासून फावल्या वेळी तेथे काम करीत. त्यांच्या हाताखाली आशुतोष डे हा साहाय्यक होता. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, तरी शोधनिबंधांवर त्याचे नाव रामन यांच्या नावाशेजारी छापले गेले. किती कारखान्यांत असे घडते, ते श्रोत्यांनीच सांगावे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन आणि कृष्णन यांना दिसले ते असे: एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला, तर त्यातला अत्यल्प अंश रंग बदलून परततो. हलत्या अणूंना तो थोडी ऊर्जा देऊन येतो. म्हणून त्या फरकावरून अणूंची थरथर मोजता येते. १९३० साली रामस्वामींनी हिऱ्याची रेषा शोधली. तिचा तरंगांक १३३२. पुढे १९७० मध्ये ट्यूइन्स्ट्रा आणि केनिग यांनी दाखवले की सलग ग्रॅफाइट १५८०च्या सुमारास एकच रेषा देते; स्फटिक बारीक होत गेले की १३५०जवळ दुसरी उमटते आणि बळावते.

पापुद्र्यात मात्र सुटसुटीत रेषा नसतात, पसरट उंचवटे असतात. शिवाय अव्यवस्था फारच वाढली की ती दुसरी रेषा उलट खचते, कारण तिला अणूंची षट्कोनी कडी लागतात आणि ती कडीच तुटलेली असतात. नुसती उंची पाहून निकाल देणारा येथे हमखास फसतो. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० साली हे वाचन पद्धतशीर मांडले.

एक अडचण उरतेच. दृश्य प्रकाशाला ग्रॅफाइटच्या तऱ्हेचे बंध कितीतरी पट मोठ्याने उत्तर देतात. सभेत दहाजण ओरडू लागले की गप्प बसलेल्या नव्वदांचे मत कळत नाही, तसेच हे. म्हणून अतिनील प्रकाश वापरतात. तेव्हा १०६०च्या आसपास एक उंचवटा वर येतो, आणि हिऱ्याच्या तऱ्हेचे बंध प्रथमच स्वतः बोलू लागतात.