अ‍ॅम्बेसिडरच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट

जुन्या गाडीचा विषय निघाला की आमच्या मंडळात बोलणं रंग आणि क्रोमपाशीच थांबतं. मला बॉनेटखालचं जास्त खुणावतं.

अ‍ॅम्बेसिडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज ३. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती. तिच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात, म्हणजे बीएमसीच्या बी-सिरीजमध्ये, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला. तोंडं पाचच, दोन आत घेणारी, तीन धूर टाकणारी. दोघांत गॅस्केट एकच! शिवाय काही स्टडांवर एकच जाड वॉशर दोन्ही फ्लँज दाबतो. त्यांची जाडी कमी-जास्त असली की एक बाजू सैल राहते. आत घेणारं प्रत्येक तोंड दोन सिलिंडरांना पुरवतं, त्यामुळे तिथे हवा ओढली की निम्मं इंजिन लंगडतं.

त्या काळच्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. जुन्या दुकानात न वापरलेलं सापडलं की आपले संग्राहक हरखतात. हरखावंच, पण बसवू नये. ते पिशवीत बंद करून, नोंद लिहून संग्रहात ठेवावं. पुरावा म्हणून तेवढं पुरे. इंजिनावरचं जुनं काढताना आधी ओलं करावं. कोरडं खरवडलं तर तंतू फुफ्फुसात जातात.

नवं घेताना मी अ‍ॅस्बेस्टॉसविरहित, पोलादी पत्र्यावर ग्रॅफाइट असलेलं घेतो. नुसता गॅस्केटचा कागद कापून लावला तर एक्झॉस्टकडे जळतो. आणि बसवण्याआधी दोन्ही फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून पाहतो. खाली उजेड दिसला तर आधी फ्लँज घासून सपाट करायचे, गॅस्केट नंतर.