तुगयानी आणि रिकामी जागा : १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादने काय बांधलं, आणि कशासाठी

हैदराबादच्या जुन्या मोहल्ल्यांत ‘तुगयानी’ हा शब्द अजून ऐकू येतो. उर्दूत त्याचा अर्थ पूर, पाण्याचं उफाळणं. पण इथे तुगयानी म्हटलं की एकच पूर डोळ्यांपुढे येतो, सोमवार २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची राजवट होती. शहराची वस्ती साडेचार-पाच लाखांची. अफजलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल गेले. दोन्ही काठांना जोडणारा राहिला तो १५७८ चा, कुतुबशाही काळातला पुराना पूल. कोलसावाडीसारख्या काठच्या वस्त्या पुसल्या गेल्या. पेटला बुरुजावर जीव वाचवायला चढलेली माणसं बुरुजासकट वाहून गेली असं सांगतात. मृतांचा १५,००० हा आकडा सर्रास दिला जातो. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात जी चिंच आहे, तिच्या फांद्यांवर सुमारे दीडशे लोक तरले. हे झाड बहुतेक हैदराबादकरांनी पाहिलेलं असतं.

तुगयानीच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र पूर का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून नेमकं काय बांधलं, याची चर्चा कमी होते. माझी उमेदीची वर्षं पाणी, पाइप आणि पंप यांच्या हिशेबात गेली, म्हणून हा लेख त्या बाजूने लिहितो आहे. आकडे थोडे आहेत, पण बेरीज-गुणाकारापलीकडचं गणित नाही.

तळी फुटली कशी

पूर ओसरल्यावर निजाम सरकारने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनियर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे इथे त्यांनी नोकरी केली, आणि खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. निजामाचं बोलावणं आलं तेव्हा मुंबईची नोकरी सोडून ते युरोपात फिरत होते. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत आले.

त्यांनी काढलेले आकडे असे. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचं पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल. यात मुसी आणि तिला शहराआधी मिळणारी ईसी, दोन्ही आल्या. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला. ऐन भरात शहरातून गेलेला पूर ४,२५,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट.

आता यातला सगळ्यात बोलका आकडा. या पाणलोटात ७८८ तलाव होते. जवळजवळ चौरस मैलाला एक. तेलंगणाची ही जुनी रीत. काकतीयांच्या काळापासून ओढ्या-नाल्यांवर मातीचे भराव घालून तलावांच्या माळा रचलेल्या, एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात. शेतीला पाणी मिळतं आणि पावसाचा वेगही मोडतो. त्या सप्टेंबरात यांतले २२१ तलाव फुटले, १८२ ईसीच्या खोऱ्यात आणि ३९ मुसीच्या.

असं का होतं हे समजून घ्यायला हवं. प्रत्येक तलावाचा सांडवा त्या तलावाच्या शिवारातल्या पावसाच्या अंदाजाने ठेवलेला असतो. वरचा तलाव फुटून त्याचं साठलेलं पाणी एकदम अंगावर येईल, हे त्यात धरलेलं नसतं. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की माती धुपते, खांड पडते आणि बघता बघता भराव जातो. मग तिसरा, मग चौथा. पुण्याने १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटल्यावर पाठोपाठ खडकवासला गेलेला पाहिला. इथे ते तेच, फक्त शेकडो ठिकाणी. म्हणजे तुगयानीत शहरावर आला तो नुसता पाऊस नव्हता, त्याच्यासोबत तलावांचं साठवलेलं पाणीही होतं.

वरती थोपवा, खाली वाट मोकळी ठेवा

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेला उपाय दोन भागांचा होता. शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्हींवर मोठे जलाशय बांधायचे, पूर तिथे थोपवायचा, आणि शहरातल्या पात्राला झेपेल एवढंच पाणी हळूहळू खाली सोडायचं. दुसरा भाग म्हणजे शहरात नदीचे काठ बांधून काढायचे आणि पात्र मोकळं ठेवायचं. त्यांच्या याच कामात शहराच्या गटारव्यवस्थेची आखणीही होती.

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. काठच्या दाट वस्त्या हलवल्या, बंधारे बांधले, बागा केल्या. हायकोर्ट, सिटी कॉलेज, उस्मानिया दवाखाना या काठावरच्या इमारती त्याच पर्वातल्या. आज आपण ज्याला हैदराबादचं नदीकाठचं वैभव म्हणून फोटो काढतो, ती मुळात आपत्तीनंतरची पुनर्रचना आहे. वरच्या बाजूला गंडीपेटला मुसीवर उस्मान सागर १९२० मध्ये पुरा झाला, ईसीवरचा हिमायत सागर १९२७ मध्ये. नवाब अली नवाज जंग या हैदराबादी इंजिनियरचा त्यात मोठा वाटा होता.

सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा इथल्या मराठी वस्त्या नदीच्या उत्तरेला, शहालीबंडा दक्षिणेला. केशवराव कोरटकरांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची, तुगयानीच्या एक वर्ष आधीची. आपल्या संस्थांची वाढ या दोन जलाशयांच्या आडोशाने झाली म्हटलं तरी चालेल.

हिशेब करून बघू

उस्मान सागरची साठवण आज ३.९ टीएमसी सांगतात, हिमायत सागरची साधारण २.९७. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दोन्ही मिळून ६.८७.

आता १९०८ चा सव्वाचार लाख क्युसेकचा लोंढा घ्या. तासाचे सेकंद ३,६००. गुणाकार केला तर तासाला १.५३ टीएमसी. म्हणजे दोन्ही जलाशय अगदी तळापर्यंत कोरडे असले तरी त्या ऐन भरातल्या पुराने ते साडेचार तासांत काठोकाठ भरतील. निम्मे भरलेले असतील तर सव्वादोन तास. भरलेलेच असतील तर? मग जेवढं आलं तेवढं खाली सोडण्याखेरीज इलाज नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. ८६२ चौरस मैलांवर सरासरी एक फूट पाऊस पडला तर ते पाणी भरतं सुमारे २४ टीएमसी. त्यातलं निम्मं मुरलं, शेतात आणि तळ्यांत अडलं असं धरलं तरी बारा उरतात. जलाशयांत जागा सातपेक्षा कमी.

यावरून हे दोन तलाव निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढू नये. पुराचं टोक कापणं आणि खालच्या लोकांना काही तास मिळवून देणं, हे काम ते करतात, आणि तेवढ्या तासांत हजारो माणसं हलवता येतात. पण ते काम जलाशयातलं पाणी करत नाही, त्यातली रिकामी जागा करते.

पिण्याचं पाणी मध्ये आलं

या जलाशयांवर लवकरच दुसरी जबाबदारी आली, शहराला पाणी पुरवण्याची. गंडीपेटचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने आसिफनगरच्या फिल्टरपर्यंत येत असे. गंडीपेटचं पाणी एकदा प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, ही म्हण आपल्या घरांतही रुळली. आता पूर थोपवायचा तर तलाव रिकामा हवा, आणि उन्हाळा काढायचा तर भरलेला हवा. पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरला सप्टेंबरात तलाव भरलेला दिसला की बरं वाटतं. पुराचा विचार करणाऱ्याला त्याच वेळी धास्ती वाटायला हवी. १९०८ चा पूर सप्टेंबरअखेरचा, आणि अलीकडचा २०२० चा ऑक्टोबरातला. म्हणजे तळी तुडुंब असतात तेव्हाच.

लोकांच्या मनात मात्र हळूहळू ‘पिण्याच्या पाण्याचे तलाव’ एवढीच ओळख उरली. १९९६ च्या ८ मार्चला आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा शासन आदेश काढला. दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, प्रदूषण करणारे उद्योग आणि मोठी बांधकामं यांना मनाई झाली. या गावांतल्या शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. शेजारच्या जमिनीला सोन्याचा भाव आणि आपल्या जमिनीला गिऱ्हाईक नाही, हा भार शहरासाठी त्यांनीच किती वर्षं उचलायचा?

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने हे निर्बंध उठवणारा आदेश काढला. कारण दिलं ते असं की शहर आता कृष्णा, गोदावरी आणि मांजराच्या पाण्यावर चालतं, या तलावांवर अवलंबून नाही. पाणीपुरवठ्यापुरतं हे बरोबर आहे. पण तलाव बांधले गेले ते तुगयानीमुळे. पिण्याच्या पाण्याची गरज कमी झाली म्हणून पाणलोटाला राखण नको, हा निष्कर्ष इतिहास विसरल्याशिवाय निघत नाही. उलट मी म्हणेन, आता प्यायला दुसरं पाणी आहे, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात या तलावांत ठरवून जागा रिकामी ठेवणं शंभर वर्षांत प्रथमच सोपं झालं आहे. आणि त्याच वेळी वरच्या शिवारावर काँक्रीट आलं तर पाणी मुरणार कमी, धावणार लवकर. साडेचार तासांचे किती उरतील?

अलीकडचे दोन धडे

१३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात आणि पुढच्या काही दिवसांत गगनपहाडचा अप्पा चेरुवु फुटला, दक्षिणेकडे पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु यांनी हाफिज बाबा नगर आणि आसपासच्या वस्त्या बुडवल्या. चेरुवु म्हणजे तलाव. तळी फुटण्याची १९०८ ची गोष्ट छोट्या प्रमाणात पुन्हा घडली. फरक इतकाच की आता सांडव्याच्या वाटेत घरं होती.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर मुसीचं पाणी इमलीबनच्या बसस्थानकात शिरलं. रात्री प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तो पूर १९०८ च्या मानाने फारच लहान होता. पण हे बसस्थानक नदीच्या पात्रातच बांधलेलं आहे. चादरघाट, मूसानगरच्या काठावरच्या गरीब वस्त्यांना पावसाळ्यात दर खेपेला सामान उचलायला सांगितलं जातं. नदीच्या जागेत फक्त तेच बसलेले नाहीत, हे या रात्रीने दाखवलं.

काही चांगलंही घडतं आहे. अंबरपेठचा बतुकम्मा कुंटा बुजत आला होता, तो हैड्रा या यंत्रणेने पुन्हा खोदून जिवंत केला. कुंटा म्हणजे छोटं तळं. पण ७८८ च्या हिशेबात एक कुंटा म्हणजे सुरुवात झाली एवढंच.

इतिहास मंडळासारख्या लोकांनी काय करावं, यावर माझं म्हणणं साधं आहे. आपल्या भागातलं जुनं तळं कोणतं, त्याचा सांडवा कुठून जायचा, आता तिथे काय आहे, हे जुन्या नकाशांवरून आणि म्हाताऱ्या माणसांकडून नोंदवून ठेवावं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात उस्मान सागर आणि हिमायत सागर किती भरले याची बातमी येते. ती वाचताना उलट बाजूनेही वाचावी : रिकामी जागा किती उरली, आणि ती किती तासांची? चिंचेच्या झाडाला नमस्कार जरूर करावा. पण त्या रात्री दीडशे लोकांना झाड मिळालं, बाकीच्यांना मिळालं नाही. म्हणून तर गंडीपेट बांधलं.