लाळ काय सांगते?

आजचा विषय ऐकून काही जण तोंड वाकडं करतील. विषय आहे लाळ.

आपल्या यवतमाळकडे बैलांच्या एका रोगाला लाळ्या-खुरकूत म्हणतात. नावातच निदान आहे बघा. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांत फोड येतात. पेरणीच्या तोंडावर बैल लंगडला की शेतकऱ्याचा हंगामच अडकतो. म्हणजे लॅब यायच्या कितीतरी आधी लोक लाळ वाचत होते.

लॅबवाले पोचले 1898 मध्ये. जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी याच रोगाच्या फोडांतलं पाणी बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. तरी त्या पाण्याने जनावरं आजारी पडली! प्राण्यांमधला व्हायरस सापडला तो हा पहिला. आज हाच व्हायरस पीसीआर टेस्टने लाळेत शोधता येतो, कधीकधी तर फोड दिसायच्याही आधी.

आता माणसांकडे येऊ. कोरोनात नाकात काडी घालून घेतलेला स्वॅब आठवतो ना? तेव्हा शेजारच्या नागपुरात, नीरी संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या टीमने सोपा मार्ग काढला. सलाईन 15 सेकंद तोंडात खळखळवायचं, 15 सेकंद गुळण्या करायच्या आणि ट्यूबमध्ये थुंकायचं. काडी नको, स्वॅब घ्यायला ट्रेनिंग घेतलेला माणूस नको. मे 2021 मध्ये आयसीएमआरने याला मान्यता दिली. खेड्यापाड्यांसाठी ही मोठीच गोष्ट होती.

पण एक धोका लक्षात ठेवा. लाळ गळते म्हणजे लाळ्या-खुरकूतच, असं नाही. रेबीज झालेल्या गाई-बैलाचीही लाळ गळते, त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकलं असेल म्हणून माणूस तोंडात हात घालतो, आणि रेबीजचा व्हायरस त्या लाळेतच असतो. हाताला जखम असेल तर तो थेट आत जातो.

म्हणून लाळ लांबूनच बघा, जनावर वेगळं बांधा, डॉक्टरांना फोन करा. लाळ जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लागलीच, तर जखम साबणाच्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, डोळे-तोंड भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. त्याआधी घेतलेली लस मात्र वाचवते.

हा भाग गावाकडे ज्यांच्या घरी गोठा आहे, त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!