गाण्याची चोरी आणि गाणाऱ्याचे देणे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे एखादे भजन मोझरीहून निघाले, की ते गावोगाव फिरत राही. कुणी ते वहीत उतरवून घेई, कुणी नुसते ऐकून पाठ करी, आणि प्रार्थनेनंतर खंजिरीच्या ठेक्यावर ते म्हटले जाई. याला कुणी चोरी म्हटले नाही आणि म्हणूही नये. गाणे तोंडातून तोंडात जात होते, तोवर त्याचा हिशेब कोण ठेवणार?

हिशेब सुरू झाला तो यंत्र आल्यावर. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले आणि गाणे ही गुळाच्या भेलीसारखी विकावयाची वस्तू झाली. तबकडीला कारखाना लागे, म्हणून तिची नक्कल करणे सोपे नव्हते. कॅसेट आली आणि हे कुलूप निघाले. १९८० नंतर दोन यंत्रे शेजारी ठेवून कोणीही दुकानदार एका कॅसेटच्या हव्या तितक्या करू लागला. मग सीडी आली. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर निघाले आणि दुकानाचीही गरज उरली नाही. आपल्याकडे बाजाराच्या गावी मोबाइल दुरुस्त करणारा दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देऊ लागला. ते भरून घेणाऱ्याला आपण काही गैर करतो आहोत, असे स्वप्नातही वाटत नसे.

लोक आडवाटेने का जातात, याचे एक उदाहरण रेडिओच्याच इतिहासात आहे. १९५२ च्या सुमारास, बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. म्हणून लोकांनी ती ऐकणे सोडले काय? मुळीच नाही, त्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरविला. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. ती चोरी नव्हती, हे खरे. पण सरळ दार बंद असले म्हणजे माणूस खिडकी शोधतो, एवढे त्यातून दिसते.

आता कायद्याकडे पाहू. १९५७ चा कॉपीराइट कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. १९८४ साली शिक्षा वाढली : सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. महाराष्ट्राने तर २००९ साली चित्रपटांच्या व त्यांतील गाण्यांच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना हातभट्टीवाले आणि गुंड यांच्या पंक्तीस बसवून स्थानबद्धतेची तरतूद केली. मला हे अति वाटते. खटला न चालविता माणूस कोंडावा, इतके मोठे हे पाप नव्हे.

आणि हे सारे संरक्षण कोणाला? पुष्कळ काळ ते कंपनीला आणि निर्मात्याला होते. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत लिहिले, तर उलट करार नसल्यास हक्क निर्मात्याकडे जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गायकाला तर काहीच हक्क नाही, याकडे बोट दाखविले. त्याआधी लताबाईंनी रॉयल्टी मागितली, तेव्हा रफीसाहेबांशीही त्यांचा बेबनाव झाला होता. गायकांना हक्क मिळाले १९९४ च्या दुरुस्तीने. कवी आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला २०१२ साली. नक्कल करणाऱ्याची शिक्षा आधी वाढली, गाणाऱ्याचे देणे मागाहून ठरले. हा क्रम उलटा असता, तर लोकांना कायदा अधिक आपला वाटला असता.

शिक्षक बंधुभगिनींनी मात्र घाबरू नये. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे गातात, त्याला कायद्यात सूट आहे. लग्नाच्या वरातीलाही आहे! प्रश्न आहे तो विकणाऱ्याचा.

येथे मला दीक्षाभूमी आठवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आणि सीडी मांडलेल्या असत. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी मोठ्या कंपन्यांच्या आधाराने नव्हे, तर गायनपार्ट्यांच्या तोंडून, वह्यांतून आणि अशाच छोट्या दुकानांतून घरोघर पोहोचली. नकलेला सरसकट चोरी म्हणताना मी अडखळतो तो इथे. गायनपार्टीने दादांचे गाणे म्हणावे, ही त्या गाण्याची कमाईच. पण ज्या कॅसेटवर कवीचे नावही छापलेले नाही आणि जिचे पैसे केवळ विकणाऱ्याच्या गल्ल्यात पडतात, ती घेणाऱ्याने दुकानदाराला एवढे तरी विचारावे : हे गाणे लिहिले कोणी, आणि त्याच्या घरी यातले काय जाते?