खऱ्या गोष्टीचा खोटा पुरावा

जुना नकाशा हाती आला म्हणजे आपली दृष्टी प्रथम त्यावरील किनाऱ्यांकडे धावते. अभ्यासकाने मात्र आधी शाई पाहावी, बांधणी पाहावी, आणि मग किनारे वाचावेत. हा क्रम सुटला म्हणजे काय होते, हे ‘विनलंड’च्या नकाशावरून कळते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाने हा नकाशा १९६५ साली प्रसिद्ध केला. तो पंधराव्या शतकात, कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी युरोपात तयार झाला, असे प्रतिपादन होते. त्यात ग्रीनलंडच्या पश्चिमेस विनलंड हे बेट दाखविलेले आहे. नॉर्स दर्यावर्दी तेथे पोहोचल्याच्या कथा आइसलंडच्या सागांत होत्याच. आता त्यांस नकाशाची साक्ष मिळाली, असे पुष्कळांना वाटले. चर्मपत्र खरोखरच त्या काळचे होते. त्यावरील कसरीची भोकेदेखील एका जुन्या हस्तलिखिताच्या भोकांशी जुळत होती.

मग संशय कशाचा? ग्रीनलंडचा उत्तर किनारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निश्चित झाला नव्हता. येथे तर ते चहूबाजूंनी बेट म्हणून रेखलेले! १९७४ साली शाईत टायटॅनियमचे असे रंगद्रव्य आढळले, की जे १९२० च्या सुमारास प्रचारात आले. २०२१ साली येलच्याच तपासणीत ते सर्व रेषांत सापडले. मागील बाजूस बांधणाऱ्यासाठी लिहिलेली जुनी लॅटिन सूचनाही नव्या शाईने बदललेली निघाली. चर्मपत्र अस्सल, नकाशा बनावट, असा निकाल झाला.

परंतु श्रोतेहो, मूळ गोष्ट खोटी नव्हती! न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे १९६० साली हेल्गे इंगस्टाड यांना नॉर्स घरांचे अवशेष सापडले; त्यांच्या पत्नी आन स्टिना यांनी तेथे उत्खनन केले. तेथील लाकडांत ९९३ च्या सुमारास झालेल्या सौर वादळाची खूण एका कड्यात उमटली होती. तेथून बुंध्याच्या सालीपर्यंत कडी मोजून ते लाकूड १०२१ साली तोडल्याचे सिद्ध झाले. हा निष्कर्षही २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला.

सिद्धान्त खरा असला म्हणून त्याच्या बाजूने उभा राहिलेला प्रत्येक साक्षीदार खरा ठरत नाही. किंबहुना जो पुरावा आपल्या मताला फार सोयीचा असतो, त्याचीच उलटतपासणी अधिक कठोरपणे करणे, हे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य होय.