हँडलवरची पिशवी: पॅरिस, मुळशी, हिंजवडी

१/ हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये सायकलने कामावर जाणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: हँडलला लावायची छोटी पिशवी कोणती घ्यावी? दुकानात या प्रश्नाचे उत्तर लिटरमध्ये मिळते. इतिहास मात्र वेगळे माप सांगतो. वाटेत कितीदा थांबायचे आणि थांबल्यावर काय हाताशी हवे, यावरून ही पिशवी घडत गेली. त्या घडणीची ही गोष्ट. #इतिहास #सायकल

२/ १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल आणली: जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर दिले. आधीच्या उंच चाकाच्या सायकलीवर स्वार थेट पुढच्या चाकावर बसे. नव्या सायकलीत तो मागे सरकला आणि त्याच्यासमोर हँडलपाशी मोकळी जागा निर्माण झाली. चालत्या सायकलीवर हात आणि नजर दोन्ही सहज पोहोचतील अशी जागा तीच.

३/ त्या जागेचा सर्वांत काटेकोर विचार फ्रान्समध्ये झाला. १८९१ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली आणि शार्ल तेराँ याने ती सुमारे ७१ तासांत जिंकली. पुढे १९३१ पासून 'राँदोनर' म्हणजे हौशी दूरपल्ल्याचे सायकलस्वारही या मार्गावर उतरले. त्यांना आपले सामान स्वतःच वाहून न्यायचे होते आणि घड्याळाशीही झुंजायचे होते.

४/ राँदोनरांच्या प्रवासाला 'ब्रेव्हे' म्हणतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. वाटेतल्या ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर नोंद करून घ्यावी लागते. पिशवीत हात घालून कार्ड शोधण्यात गेलेला वेळही त्या तासांतच मोजला जातो. म्हणून फ्रेंच कारागिरांनी चौकोनी कापडी पिशवी घडवली: झाकणावर नकाशासाठी पारदर्शक कप्पा, बाजूला छोटे खिसे, आत खाऊ आणि अंगरखा. पाव खायलाही सायकलवरून उतरायला नको.

५/ पिशवी लहान ठेवण्यामागे यंत्रशास्त्रही आहे. सायकलस्वार सरळ जात असतानाही तोल राखण्यासाठी हँडल क्षणोक्षणी किंचित वळवत असतो. हँडलवरचे वजन प्रत्येक वळणासोबत फिरते. ते जितके जड आणि अक्षापासून जितके दूर, तितके हँडल मंद आणि हट्टी होते. फ्रेंचांनी पिशवी हँडलला लोंबकळत न ठेवता पुढच्या चाकावरच्या छोट्या जाळीवर टेकवली आणि चिमट्याचा बाकही त्या वजनाला साजेसा केला. आधी पिशवी ठरली, मग सायकल.

६/ याच काळात मुंबईत हँडलचा अगदी उलटा उपयोग रूढ होत होता. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. या व्यवसायातील बहुतेक माणसे पुणे जिल्ह्यातील मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतून आलेली. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. ज्या मातीत पुढे आयटी पार्क उभा राहिला, तिथली माणसे त्याआधी कित्येक पिढ्या मुंबईत दुसऱ्यांच्या जेवणाची वेळ सांभाळत होती.

७/ डबेवाल्याच्या सायकलीकडे पाहिले तर फ्रेंच नियम मोडल्यासारखा वाटतो. मागे डबे, आणि हँडलच्या दोन्ही बाजूंनाही डबेच डबे. पण त्याचा प्रवास निराळा आहे. घरोघर थांबायचे, डबा घ्यायचा, स्टेशन गाठायचे. अंतर थोडे, वेग कमी, थांबे अनेक. अशा वेळी दोरी सोडून बांधण्यापेक्षा हँडलला अडकवणे सोयीचे. तोलाचा नियम मात्र त्यालाही चुकला नाही: वजन दोन्ही बाजूंना सारखे. राँदोनरला थांबायचे नव्हते, डबेवाल्याला सतत थांबायचे होते, आणि दोघांनीही हँडल वापरले ते हाताशी असण्यासाठी.

८/ तिसरी परंपरा पिंपरी-चिंचवडची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९६२ मध्ये एमआयडीसी. मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज ऑटो आली. पाळीच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांशी सायकलींचे लोंढे दिसत. या कामगाराला थांबा एकच: कारखान्याचे फाटक. त्याची 'हँडलबार बॅग' म्हणजे बंद लावलेली कापडी पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा.

९/ ही पिशवी स्वस्त होती, पण निर्धोक नव्हती. एका मुठीला अडकवली की हँडल त्या बाजूला ओढले जाई. झोका बसला की ती पुढच्या चाकाकडे जाई. तिचा बंद किंवा कोपरा तारांत अडकला तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मुंबई-पुणे रस्त्यावर मागून मालमोटारी येत असताना अशा पडण्याचा अर्थ कामगाराच्या घरातील प्रत्येकाला कळत होता. जाणती माणसे म्हणूनच डबा कॅरिअरला चापाखाली दाबून नेत.

१०/ हँडलवर हक्क सांगणारी आणखी एक वस्तू होती: दिवा. अंधार पडल्यावर दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत, ही आठवण पुण्यातील कित्येक घरांत आजही सांगितली जाते. रॉकेलचा असो वा डायनॅमोचा, दिवा पुढेच बसे. पिशवी त्याच्या आड आली की रस्ता दिसत नाही, आणि समोरच्याला स्वारही दिसत नाही.

११/ १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने 'चेतक' आणली. कामगाराचा डबा हळूहळू हँडलवरून स्कूटरच्या डिकीत गेला. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या रस्त्यांवर सायकली विरळ होत गेल्या. पिशवी कशी अडकवावी हे ज्ञान कुठे लिहिलेले नव्हते. ते वापरात होते, म्हणून वापराबरोबर ओसरले.

१२/ हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शेतजमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला आणि काही वर्षांनी सायकल तिथे नव्या रूपात परतली: गिअरची, हलकी, परवडणारी किंवा बरीच महागही. आता डब्याच्या जोडीला लॅपटॉप आहे. जुन्या तीन परंपरांचा न्याय लावला तर दोघांची जागा मागे, कॅरिअरच्या पिशवीत. पुढे हवे ते थांब्यावर लागणारे: फाटकावरचे ओळखपत्र, फोन, किल्ली, पंक्चरचे सामान, मूठभर शेंगदाणे. त्याला दोन-तीन लिटर पुरतात.

१३/ निवडताना इतिहास चार कसोट्या देतो. पिशवी भरून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे; ब्रेक आणि गिअरच्या केबल दबता कामा नयेत. खड्ड्यातून गेल्यावर ती टायरला टेकू नये. दिव्याचा झोत अडू नये. आणि मुळशीचा पाऊस आत शिरू नये. जाड सुती कॅनव्हासचे धागे ओले झाले की फुगून विणीतली छिद्रे बुजवतात. मेणकापड आणि प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड पाणी बाहेरच थोपवते. तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी पावसात चेनपेक्षा भरवशाची, पण एका हाताने उघडायला अवघड.

१४/ या शेवटच्या अडचणीतच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: पिशवी वाटेत किती वेळा उघडायची आहे? पॅरिसच्या राँदोनरने, मुळशीच्या डबेवाल्याने आणि पिंपरीच्या कामगाराने आपापले उत्तर रोजच्या वाटेवरून काढले. वाकड पुलाच्या गर्दीतून हिंजवडीकडे निघालेल्याने आधी आपले थांबे मोजावेत. लिटरचा आकडा त्यानंतर आपोआप ठरतो.