यंत्राचा विसावा



विजेची मोटर एकदा सुरू झाली की एका दिशेने, एका गतीने फिरत राहते. कारखान्यातले काम मात्र थांबून थांबून करावयाचे असते. बाटली भरावयाची तर ती तोटीखाली उभी राहिली पाहिजे. भोक पाडावयाचे तर तुकडा ड्रिलखाली स्थिर राहिला पाहिजे. अखंड फिरणाऱ्या मोटरीकडून 'चल, थांब, पुन्हा चल' हे कसे करवून घ्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कॅम, आणि कॅमच्या जोरावर टप्प्याटप्प्याने फिरणारे इंडेक्सिंगचे यंत्र. विषय लोखंडाचा आहे खरा; पण त्यात माणसाच्या बोटांचाही संबंध येतो, म्हणून मी तो निवडला.

कॅम म्हणजे मुद्दाम पुरते गोल न केलेले चाक. त्याच्या कडेवर एक रोलर टेकलेला असतो. कड जेथे मध्यापासून सारख्या अंतरावर असते, तेथे चाक फिरत असूनही रोलर जागचा हलत नाही. कड चढू लागली की तो उचलला जातो. चढउतार म्हणजे चाल, सपाटी म्हणजे विसावा. गिरणीतल्या साध्या मागावर ताण्याचे अर्धे धागे वर उचलणे आणि धोटा पार होईपर्यंत ते तसेच धरून ठेवणे, हे काम खालच्या दांड्यावरचे कॅमच करीत. गिरणीत त्यांना टॅपेट म्हणत. कॅमने क्षणभर दम धरला नसता, तर धोटा धाग्यांत अडकला असता.

सिनेमाचे रहस्यही हेच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. त्यांच्या यंत्रात एक कॅम दोन दातांची नखी हलवी. नखी फिल्म एक चित्रभर खाली ओढी, मग सोडून देई. पुढे प्रोजेक्टरात चार खाचांचे, क्रॉसच्या आकाराचे चाक रूढ झाले. शेजारच्या फिरत्या चाकावरची खुंटी खाचेत शिरते, क्रॉसला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. उरलेला पाऊण फेरा क्रॉस जखडलेला राहतो. जिनिव्हाचे घड्याळजी स्प्रिंगला जादा किल्ली बसू नये म्हणून अशीच युक्ती वापरीत, म्हणून तिला जिनिव्हा हे नाव पडले. फिल्मच्या काळात पडद्यावर आपल्याला जी धावपळ दिसे, ती सेकंदाला २४ वेळा थांबलेल्या फिल्मची असे.

कारखान्यात ही कल्पना खऱ्या अर्थाने राज्य करू लागली ती अमेरिकेत. कनेक्टिकट राज्यातला ख्रिस्तोफर मायनर स्पेन्सर हा कारागीर बंदुकांसाठी आधीच प्रसिद्ध होता. शिवणयंत्राची रिळे कातणारे एक यंत्र त्याने केले, आणि त्यावरून धातूचे स्क्रूही आपोआप कातता येतील असे त्याला सुचले. तोपर्यंत टरेट लेथवर कामगार हाताने दांडा ओढून एकामागून एक हत्यार पुढे आणीत असे. कोणते हत्यार केव्हा, किती जोराने, किती वेळ, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असे. स्पेन्सरने एक ड्रम घेतला आणि त्यावर हलविता येण्याजोग्या पट्ट्या बसविल्या. ड्रम फिरू लागला की पट्ट्या हत्यारांना पुढे-मागे ढकलू लागल्या. वेगळा स्क्रू हवा असेल तर पट्ट्या सरकवावयाच्या. या ड्रमला 'मेंदूचे चाक' असे नाव पडले. १८७३ साली त्याला पेटंट मिळाले. पण त्याच्या वकिलाला या ड्रमचे महत्त्व उमगले नाही आणि नेमकी तीच गोष्ट पेटंटाच्या संरक्षणाबाहेर राहिली. ज्याने कामगाराचे कसब पट्टीत उतरविले, त्याचे स्वतःचे कसबही असे दुसऱ्यांना मोकळे झाले! यानंतर एकच माणूस अनेक यंत्रे सांभाळू लागला. पट्ट्या लावणाऱ्या सेटरची किंमत वाढली, नुसते यंत्र राखणाऱ्याची घटली.

वेग वाढला तसा जिनिव्हाचा दोषही दिसू लागला. खुंटी खाचेत शिरताना चाकाला हिसका बसतो. एसटीचा चांगला ड्रायव्हर गाडी अशी काढतो की उभ्या उतारूचाही तोल जाऊ नये. कॅमची कड गणिताने आखली तर यंत्रालाही हे साधते: आरंभ मंद, मध्ये वेग, शेवट पुन्हा मंद. म्हणून विसाव्या शतकात खोबणीचे ड्रम आणि रोलर लावलेल्या चकत्या यांची तेलात बुडालेली बंद पेटी आली. मोटरीने एका बाजूने फिरवावयाचे, दुसऱ्या बाजूने टेबल टप्प्याटप्प्याने फिरते. आज संगणकाच्या हुकुमाने थांबणाऱ्या मोटरीही आहेत. तरी हत्यारे आपोआप बदलणाऱ्या पुष्कळशा यंत्रांत अजून कॅमच बसलेला आढळतो.

आता माझ्या अनुभवातली एक हकीकत. एका कारखान्यात अशा फिरत्या टेबलावर मुली हाताने सुटे भाग ठेवीत. एका टप्प्याला ६ सेकंद लागत: २ फिरण्याचे, ४ थांबण्याचे. व्यवस्थापनाने मोटरीची गती दीडपट केली. "काम तेच आहे, टेबल तेवढे जरा चपळ झाले," असे आम्हांला सांगण्यात आले. पण चाल आणि विसावा यांचे प्रमाण कॅममध्ये कोरलेले असते. ६ चे ४ सेकंद झाले, तेव्हा थांबण्याच्या ४ सेकंदांचे पावणेतीनही उरले नाहीत. एका मुलीचे बोट चेंगरले तेव्हा हा हिशेब मी कागदावर मांडला. विसावा लांबविणारा दुसरा कॅम घ्यावा, तर टेबल झटक्याने फिरून भाग उडाले असते. अखेर ठेवण्याचे काम दोन जागी विभागले गेले आणि हात आत असेल तर मोटर सुरूच होऊ नये अशी जाळी बसली. धोक्याच्या हलत्या भागांना आडोसा असावा, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलेलेच होते; ते अमलात यावयाला एक बोट खर्ची पडले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९२८ साली मुंबईत सहा महिने संप चालला, त्यातला एक मोठा वाद एका माणसाने किती माग सांभाळावेत हा होता. हे सारे झगडे विसाव्याचेच होते. यंत्राला विसावा दिल्यावाचून काम होत नाही, हे कॅम आखणारा पहिल्या दिवशी जाणतो आणि तो विसावा अंशांत मोजून देतो. ते अंश आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी टेबलाशी बसून ते ठरवितो. त्या टेबलाशी कामगारालाही एक खुर्ची असावी, एवढेच माझे मागणे आहे.